संस्थेची शक्ति कशी ओळखावी?

सार्वजनिक कामाची आवड असलेल्या शहरी घरांत वर्षांतून दोन-चार पावतीपुस्तकें येतातच. कोणी आदिवासी मुलींचें वसतिगृह चालवितो, कोणी खेड्यांत बालवाडी, कोणी व्यसनमुक्तीचें केंद्र. आपण यथाशक्ति देणगी देतों, पावती घेतों आणि काम चांगलें आहे ना, एवढेंच विचारतों. परंतु काम चांगलें असणें निराळें आणि तें करणारी संस्था टिकाऊ असणें निराळें. संस्था मोडली तर देणगीदाराचे थोडे पैसे जातात. वसतिगृहांतल्या मुलीला मात्र सातवींतून शाळा सोडून घरीं परतावें लागतें.

या विषयाचा धडा आपल्याकडे जुनाच आहे. महर्षि कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें तो हिंगण्यास गेला. आरंभीं बहुतेक भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होता. फर्ग्युसन कॉलेजांत शिकवावें, हिंगण्याला पायीं जावें-यावें, आणि सुटींत वर्गणीसाठीं गांवोगांव हिंडावें. अशा वेळीं पुष्कळ संस्थापकांना आणखी एक इमारत बांधण्याची इच्छा होते. कर्व्यांनीं १९०८ सालीं निष्काम कर्ममठ काढला. आश्रम आणि महिला विद्यालय यांना वाहून घेणारे सेवक मिळावेत, हा त्याचा हेतु. कर्वे १९६२ सालीं वारले. त्यांची संस्था आजही चालू आहे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें उदाहरण जरा कडू आहे. १८८४ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेंत, आजीव सदस्यांनीं बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं यावर वाद माजला आणि १८९० सालीं टिळक बाहेर पडले. टिळकांसारखा माणूस गेल्यावरही संस्था उभी राहिली, कारण ती कोणा एकाच्या घरची नव्हती.

आतां आजच्या लहान संस्थेकडे वळूं. तिची पारख तिच्या माणसांनीं स्वतःच करावी. बाहेरच्यानें फक्त प्रश्न विचारावेत. बैठकीला अध्यक्ष आणि चिटणीस यांच्याबरोबर बालवाडीच्या ताई, गाडीचा चालक आणि स्वयंपाकीणबाईही असाव्यात. संस्थेचें घोडें कोठें अडतें तें त्यांना आधीं कळतें. प्रश्न साधेच असतात. संस्थापक उद्यां तीन महिने अंथरुणाला खिळले, तर धनादेशावर सही कोण करील? अनुदानाचा अर्ज आणखी कोणाला लिहितां येतो? गेल्या वर्षीं आलेल्या दर शंभर रुपयांपैकीं किती एकाच दारांतून आले? तें दार बंद झालें तर शिलकेवर किती महिने निघतील? पहिल्याच प्रश्नाला सगळे संस्थापकांच्या तोंडाकडे पाहूं लागले, तर निम्में निदान झालें असें समजावें.

कागदपत्रांचा प्रश्न रुक्ष खरा, पण तेथेंच अनेक संस्था घायाळ होतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत विश्वस्त बदलले कीं ९० दिवसांच्या आंत धर्मादाय कचेरीस कळवावें लागतें. तें राहून जातें. मग दिवंगत विश्वस्त कागदोपत्रीं हयात राहतात, नव्यांच्या सहीला बँक हरकत घेते, आणि भांडण लागलें तर खरा विश्वस्त कोण हेंच ठरेना होतें. वर्षांतून एकदां नोंदवही उघडून नांवें वाचणें, एवढाच यावर उपाय आहे.

अमेरिकेंत मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनें २००१ सालीं अशा पारखीचा एक तक्ताच केला : संस्थेचीं सात अंगें आणि प्रत्येकाच्या चार पायऱ्या. तक्ता वाईट नाहीं. पण तो देणगीदाराला दाखवावयाचा असला कीं संस्था स्वतःला वरचीच पायरी देते. आणि पांच माणसांच्या संस्थेला ढीगभर रकाने भरावयास लावणें म्हणजे अशक्त माणसाची छाती तपासण्यासाठीं त्याला सिंहगड चढावयास लावणें आहे.

दुखणें कळलें तरी औषधाला पैसा हवा, आणि तो कोणी देत नाहीं. वर्गाच्या भिंतीवर नांवाची फरशी बसते, हिशेबनिसाच्या पगारावर बसत नाहीं! परदेशी देणग्यांच्या कायद्यांत २०२० सालीं दुरुस्ती झाली, तेव्हां कारभारखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेनें अशा पैशांतून लहान संस्थेला वांटा देण्याचीही बंदी झाली. खेड्यांतल्या संस्थेला हा दुसरा फटका अधिक लागला असें मला वाटतें. म्हणून आपली पुढची देणगी एकाद्या संस्थेच्या हिशेबनिसासाठीं आहे, असें पावतीवर लिहून द्यावें. घेणाऱ्याला आधीं खरेंच वाटणार नाहीं.

ज्यांना पैशापेक्षां वेळ देणें सोपें आहे, अशीं निवृत्त मंडळी घरोघर आहेत. बँकेंतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनीं महिन्याचे दोन शनिवार द्यावेत. मात्र तेथें जाऊन सगळी वही स्वतःच सुवाच्य लिहून काढूं नये. त्यानें एका संस्थापकाच्या जागीं दोन होतात. वसतिगृहाच्या बाईंना शेजारीं बसवावें, रोकडवही त्यांच्याच हातून लिहवून घ्यावी. पहिल्या महिन्यांत बेरजा चुकतील, त्या चुकूं द्याव्यात. पुढें बाईंनीं बँकेच्या पुस्तकाशीं आपला आपण मेळ घातला, कीं त्या गृहस्थांनीं दुसऱ्या गांवची गाडी धरावी.