घराभोवती कोबा करताय? आधी पाण्याची वाट ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाळी झाली की बांधकामांना जोर येतो. घर झालं, आता भोवतीनं कोबा मारून घेऊ, चिखल तरी होणार नाही, असा विचार बहुतेकजण करतात. पण उतार चुकला तर पावसाळ्यात पाणी भिंतीला ओल आणतं, नाहीतर शेजाऱ्याच्या परड्यात शिरतं. मग वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात.

म्हणून गवंडी बोलावण्याआधी यंदाच्या पावसात पाणी कुठं साचलं होतं ते आठवा. उतार घराकडून बाहेर, चार फुटाला एक इंच ठेवा आणि पाणी आपल्याच हद्दीतून गटारीपर्यंत न्या. वाट जोत्यापेक्षा सहा इंच तरी खाली असावी.

जमीन कसली आहे तेही बघा. जांभ्याची मुरमाड जमीन धुम्मस करून घेतली की भागतं. काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती फूटभर काढून मुरूम भरा, पाणी मारून थर थर दाबा. नळाचे, विजेचे पाईप याचवेळी खालून टाका. नंतर कोबा फोडायला लागू नये.

आता हिशेब. ४० फूट लांब, ३ फूट रुंद, ४ इंच जाड वाट म्हणजे ४० घनफूट काँक्रीट. एकास दीड, तीन या प्रमाणात साधारण ९ ते १० पोती सिमेंट, १७ घनफूट वाळू आणि ३४ घनफूट खडी लागते. हे माप चालण्यासाठी आणि दुचाकीसाठी आहे. चारचाकी जाणार असेल तर जाडी वाढवून सळई घाला.

दर चार-पाच फुटांवर सांधा सोडा, म्हणजे तडा गेलाच तर सांध्यातच जाईल. मिश्रणात पाणी बेतानंच घाला. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस गोणपाट टाकून ते ओलं ठेवा. घाईत इथंच काम बिघडतं.

शेवटचं, सगळं अंगण झाकू नका. झाडांच्या बुंध्याभोवती, विहीर-बोअरच्या बाजूला माती उघडी ठेवा. पाणी मुरलं नाही तर एप्रिल-मेमध्ये टँकर बोलवायची पाळी आपल्यावरच येते.