अँजिओग्राफी : सावलीचे गणित

घरून फोन येतो, "बाबांची अँजिओग्राफी करायची म्हणतात," आणि हॉस्टेलवर बसल्या बसल्या पोटात गोळा येतो. पण मित्रांनो, अँजिओग्राफी ही नुसती तपासणी. फुगा घालून धमनी रुंद करतात ती अँजिओप्लास्टी. या दोन शब्दांचा घोळ घरोघरी होतो.

रक्त आणि भोवतालचे स्नायू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, त्यामुळे साध्या एक्स-रेत हृदयाच्या धमन्या वेगळ्या उठून दिसत नाहीत. म्हणून मनगटातून किंवा जांघेतून साधारण 2 मिमी जाडीची नळी धमनीच्या तोंडाशी नेऊन डाय सोडतात. नावाला डाय, पण रंगवायचं काम तो करतच नाही! त्यात आयोडीन असतं, अणुक्रमांक 53. ते क्ष-किरण भरपूर शोषतं आणि धमनीतल्या पोकळीची सावली पडते.

हृदयाच्या धमनीत थेट डाय गेला तर माणूस दगावेल, अशी पूर्वी डॉक्टरांची समजूत होती. 1958 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स यांच्या तपासणीत तो चुकून गेला. रुग्णाचं हृदय काही सेकंद थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला सांगितलं आणि ठोके परत सुरू झाले! आजची पद्धत या अपघातातून निघाली.

आता रिपोर्टमधला "70 टक्के ब्लॉक". हे टक्के सहसा व्यासाचे असतात, क्षेत्रफळाचे नव्हेत. व्यास 0.3 पट उरला की, छेद गोल धरला तर, वाट उरते फक्त 9 टक्के. 50 टक्के ब्लॉकला 25. मात्र इथे लगेच फ्लुइड मेकॅनिक्सचा चौथा घात लावून घरच्यांना घाबरवू नका. अडथळा आखूड असतो आणि पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून बरीच भरपाई करतात. म्हणून माणूस बसला असताना ठीक असतो, जिना चढला की छातीत दुखतं.

शिवाय सावली फसवते. चपटी फट एका बाजूने रुंद दिसते, दुसऱ्या बाजूने अरुंद. म्हणूनच ते मशीन रुग्णाभोवती फिरवून वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेतात. तरीही शंका उरली, तर दाब मोजणारी बारीक तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात. पलीकडचा दाब अलीकडच्या 0.80 पट किंवा कमी भरला, तर तो ब्लॉक रक्त खरोखर अडवतोय असं धरतात.

डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. तेव्हा बाबांना मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी डायची रिॲक्शन आली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.