फणसावरील अळंबें

गेल्या श्रावणांत आमच्या परसांतील जुन्या फणसाच्या बुंध्याशीं एक अळंबें दृष्टीस पडलें. संस्कृतांतील 'छत्राक' हा शब्द छत्रीच्या आकारावरून आला. पण येथें ना दांडा, ना छत्र. भिंतींतून फळी पुढें यावी तसें तें सालींतून बाहेर आलेलें, वीतभर रुंद व लांकडासारखें कठीण. त्याच सुमारास आमच्या धाकट्या नातवाचें तोंड आलें होतें व लाळ थांबत नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तर, हाच फणसोंबा! सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावा." कोंकणांत हा उपचार पिढीजात आहे आणि काकूंच्या अनुभवाविषयीं मला आदर आहे. तथापि फणसावर उगवला एवढ्यानेंच तो फणसोंबा ठरतो काय, ही शंका मला सोडीना.

फणसोंबा म्हणून जीं अळंबीं वापरतात, तीं बहुधा फेलिनस वर्गांतील होत. त्यांची खालची बाजू तपकिरी असते व जुन्याची पाठ भेगाळते. आमच्या अळंब्याची खालची बाजू मात्र पांढरी शुभ्र होती. भिंगांतून पाहतां तेथें सुईच्या अग्राएवढीं असंख्य छिद्रें दिसलीं. नखानें रेघ ओढतांच ती तपकिरी उमटली. नातीनें तर तेवढ्यांत आपलें नांवही तेथें लिहून टाकलें! (पाश्चात्त्य देशांत याच गुणामुळें कलावंत अशा अळंब्यांवर चित्रें काढतात.) पाठीवर कोकोसारखी तपकिरी भुकटी बसली होती. ती धूळ नव्हे, ते त्याचे बीजाणु. या खुणा गॅनोडर्मा वर्गाच्या. त्यांतही ॲप्लॅनेटम जातीशीं त्या जुळतात. नक्की जाति ठरविण्यास सूक्ष्मदर्शक हवा. परंतु हा फणसोंबा नव्हे, इतकें सांगण्यास डोळे व नख पुरले. बाळाला डॉक्टरांकडे नेलें. काकू चार दिवस किंचित् रुसल्या होत्या.

बाळाची काळजी मिटली. झाडाची मात्र तेव्हां लागली. आपणांस दिसतें तें केवळ फळ. अळंब्याचें खरें शरीर तंतुरूपानें खोडांत पसरून लांकूड कुजवीत असतें. तेव्हां वरचें खरवडून झाड बरें होत नाहीं. सुतारानें बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा वाजविला, तों पोकळ आवाज आला. झाड गोठ्याकडे कललेलें. आणि फणस वडिलांच्या हातचा. 'तोडा' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. शेवटीं गाय दुसरीकडे बांधली, गोठ्यावरच्या दोन फांद्या उतरविल्या व झाड तूर्त राखलें आहे. यंदाच्या पावसांत अळंब्याची कड पुन्हां पांढरी होऊन वाढूं लागली आहे.