दोन अंगठ्यांचा हातमोजा

आइसलंडचे कोळी पूर्वी वल्ह्यांच्या उघड्या होड्यांतून समुद्रावर जात. त्यांच्या लोकरी हातमोज्यांना दोन-दोन अंगठे असत! वल्ही आणि दोर ओढून तळवा झिजला, की मोजा फिरवायचा आणि दुसऱ्या अंगठ्यात बोट घालायचं.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कोळ्यांची रीत याहून विलक्षण. तिथे मोजे मुद्दाम मोठे विणून आटवत, त्यामुळे वीण घट्ट होई. कामाआधी ते समुद्राच्या पाण्यात बुडवून, पिळून ओलेच घालायचे. लोकर भिजली तरी तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, म्हणून ऊब टिकते. सुती मोज्यात ती टिकत नाही. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे हा फरक मोलाचा.

शरीरही झुंजतं. बर्फाच्या पाण्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, काही मिनिटांनी पुन्हा उघडतात. ब्रिटिश वैद्यक थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये ही प्रतिक्रिया नोंदवली. पुढे कॅनडातल्या गास्पेच्या कोळ्यांचे हात थंड पाण्यात इतरांपेक्षा उबदार राहतात, असं आढळलं.

मात्र धड गारठलं, की शरीर हातांचं रक्त आधी कमी करतं. म्हणून थंडीत गळ टाकणाऱ्याने छाती, डोकं आणि मनगटं आधी झाकावीत. मासा सोडवल्यावर हात लगेच पुसावेत.