विश्लेषण : १० मिनिटांत निम्मे होणारे द्रव्य हृदयाचा रक्तपुरवठा कसा दाखवते?

हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोहोचते, हे पेट स्कॅनमध्ये पाहण्यासाठी वापरले जाणारे किरणोत्सारी द्रव्य साठवून ठेवता येत नाही. तयार होताच ते संपू लागते. त्यामुळे ही तपासणी प्रत्येक शहरात होऊ शकत नाही.

ट्रेसर म्हणजे काय?
रक्ताबरोबर वाहणारे हे द्रव्य शिरेतून अत्यल्प प्रमाणात दिले जाते. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन शरीरातील इलेक्ट्रॉनशी भिडला, की दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीचे संवेदक ते टिपतात. रक्तपुरवठा चांगला असलेला भाग उजळ दिसतो, कमी असलेला फिका.

ते किती वेळ टिकते?
किरणोत्सार निम्मा होण्याच्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. ऑक्सिजन-१५ चे अर्धायुष्य सुमारे २ मिनिटे, नायट्रोजन-१३ चे १० मिनिटे, तर रुबिडियम-८२ चे अवघे ७५ सेकंद आहे. नायट्रोजन-१३ मुंबईहून ३ तासांत पुण्याला नेला, तर त्याचा जेमतेम अडीच लाखावा हिस्सा उरेल.

मग तयार कुठे करतात?
पहिला मार्ग रुग्णालयाच्या आवारातील सायक्लोट्रॉनचा. वेगवान प्रोटॉन पाण्यावर आदळवले, की त्यातील ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१३ मिळतो. त्यापासून अमोनिया बनवून तो लगेच रुग्णाला देतात. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. मात्र हे यंत्र महागडे आहे.
दुसरा मार्ग जनरेटरचा. त्यात सुमारे २५ दिवस अर्धायुष्य असलेले स्ट्रॉन्शियम-८२ असते. त्यातून सतत रुबिडियम-८२ तयार होते आणि सलाइनबरोबर थेट रुग्णाच्या शिरेत जाते. हाडांत साठणारे स्ट्रॉन्शियम त्यासोबत येत नाही ना, याची रोज चाचणी करावी लागते.

फायदा काय?
आधीचा किरणोत्सार लवकर ओसरत असल्याने आराम आणि ताण या दोन्ही स्थितींतील चित्रे एकाच भेटीत काढता येतात.

पर्याय कोणता?
६ तास अर्धायुष्याचे टेक्नेशियम-९९एम स्पेक्ट कॅमेऱ्यासाठी सर्रास वापरले जाते आणि ते लांबवर पोहोचवता येते. पण स्पेक्टमध्ये मुख्यतः हृदयाच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना होते. तिन्ही रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद असतील, तर सगळे हृदय एकसारखे दिसून दोष लपू शकतो. पेटमध्ये दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त पोहोचते, हे मोजता येते. नेमका हाच दोष त्यात उघड होतो.