बिनब्रेकच्या गाडीवरचा संसार

देवबागचा रस्ता अरुंद. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. त्या चिंचोळ्या पट्टीवर एखादा पोरगा सुसाट मोटारसायकल सोडतो, तेव्हा तुम्ही म्हणता, "मराक चललो वाटता!" तुमचे खरेच आहे. पण याच वेगावर पोट भरणारे लोकही जगात आहेत. ते कसे भरतात, हे पालकांनी व गावच्या कारभाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

खेळाचे नाव स्पीडवे. इंग्लंड, पोलंड, स्वीडन, डेन्मार्क या देशांत तो धंदा म्हणून चालतो. लंबगोल मातीचे मैदान, एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या. मिनिटभरात निकाल. गाडी 500 सी.सी.ची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही! वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे व डावा पाय जमिनीला टेकवायचा. त्या बुटाला लोखंडी तळ असतो. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला शून्य.

कमाईचे गणित बरेचसे आपल्या रापणीसारखे. मासळी मिळाली तर वाटा, नाहीतर रिकामे हात. स्वारालाही मुख्यतः गुणांवर पैसे मिळतात. गाड्या, इंजिनाची दुरुस्ती, मेकॅनिकची मजुरी हे सारे बहुधा त्याच्याच खिशातून जाते.

न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर 1957 साली कोवळ्या वयात इंग्लंडला गेला. जम बसला नाही, माघारी परतला. 1963 मध्ये पुन्हा गेला, न्यूकॅसल संघातून खेळला आणि 1968 मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतर 11 वर्षांनी! पुढे 1979 पर्यंत त्याने एकूण सहा जगज्जेतेपदे मिळवली. गाडीची निगा राखण्यात तो फार काटेकोर होता.

दुसरी बाजूही ऐका. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड नावाजलेला स्वार. 2015 मध्ये पोलंडमधील शर्यतीत पडला आणि कमरेखाली लुळा झाला. वय अवघे 23. मैदान, पोशाख, डॉक्टर सगळे असूनही हे घडले. मग आपल्या रस्त्यावर काय होईल?

आपल्याकडे या खेळाला जवळचा प्रकार म्हणजे उंचवट्यांवरून उड्या घेत खेळायचा सुपरक्रॉस. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. देशातील मान्यताप्राप्त शर्यतींसाठी मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाचा परवाना लागतो. पोराला खरीच ओढ असेल, तर ती वाट दाखवा. आधी इंजिन खोलून जोडायला शिकू द्या.

मात्र अल्पवयीन पोराच्या हाती चावी देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत हे एकदा वाचून दाखवावे. दंड भरता येतो, गेलेला पोरगा परत येत नाही.