कोल्हापुरातील घरगुती फुलबाग

कोल्हापुरातील घरगुती फुलबाग म्हणजे कोल्हापूर शहर आणि परिसरातील घरांच्या परड्यात, अंगणात, सज्जात किंवा गच्चीवर केली जाणारी फुलझाडांची लागवड होय. देवपूजा, वेणी-गजरा, सणावारांची तोरणे आणि घराची शोभा हे या लागवडीचे प्रमुख हेतू आहेत. जुन्या पेठांतील वाड्यांच्या परड्यात तुळस, तगर, जास्वंद, पारिजातक आणि कन्हेर ही झाडे असत. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी, रुईकर कॉलनी या नंतर वाढलेल्या वस्त्यांत गुलाब, बोगनवेल आणि कुंडीतील शोभेची झाडे रुजली. आता इमारतींमुळे बाग मुख्यतः कुंडीत आणि गच्चीवर गेली आहे. बागकामाविषयीचे सर्वसाधारण सल्ले उन्हाळ्यातील पाण्यावर भर देतात. कोल्हापुरात मात्र पावसाळ्यात मुळांशी साचून राहणारे पाणी हा फुलझाडांना अधिक मोठा धोका आहे, आणि येथील बागेचे सारे वेळापत्रक त्याभोवतीच बांधावे लागते.

हवामान आणि माती

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडत नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी क्वचितच ओलांडतो. त्यामुळे मोगऱ्यापासून शेवंतीपर्यंत बहुतेक फुलझाडे येथे वाढू शकतात. पावसाची वाटणी मात्र फार विषम आहे. शहरात वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडे घाटमाथ्यावरील गगनबावड्यात तो याच्या पाचपटीच्या आसपास जातो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात शहराच्या जेमतेम निम्मा असतो. हा सारा फरक सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. म्हणून 'कोल्हापूरची बाग' असे सरसकट काही सांगताना जपावे लागते.

मातीचेही तसेच आहे. पश्चिमेकडे जांभ्याची तांबडी, निचऱ्याची माती आढळते. नदीकाठी आणि पूर्वेकडे काळी, चिकण माती आहे. काळी माती ओलावा धरून ठेवते, पोषकद्रव्येही राखते. पण पावसात फुगून तिच्यातील पोकळ्या मिटतात. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. माती अनेक दिवस पाण्याने भरलेली राहिली की मुळे गुदमरतात, कुजवणाऱ्या बुरशींना बळी पडतात आणि पाणी शोषण्याचे थांबवतात. परिणामी मातीत पाणी असूनही पाने माना टाकतात. हे लक्षण तहानेसारखेच दिसते. त्यामुळे पुष्कळदा अशा रोपाला आणखी पाणी घातले जाते व ते दगावते. बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

शिरोळ भागात उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे बरीच जमीन क्षारपड झाली आहे. तेथील विहिरी-कूपनलिकांचे पाणी खारट असल्यास मोगरा व गुलाब यांच्या पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी कन्हेर आणि बोगनवेल तग धरतात. कुंडीतील नाजूक झाडांसाठी पावसाचे पाणी साठवून वापरणे हितकारक ठरते.

माती तयार करणे

कुंडीसाठी केवळ काळी माती वापरू नये. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भरड वाळू, वीटचुरा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा हे प्रमाण बहुतेक फुलझाडांना मानवते. कुंडीच्या तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा पालथा ठेवतात. जमिनीवरील वाफे पावसाळ्यापूर्वी वीतभर उंच करावेत. भोवती उतार देऊन चर काढला की चिकण मातीतही गुलाब टिकतो.

कोल्हापूर हा उसाचा मुलूख असल्याने दोन गोष्टी येथे मुबलक मिळतात: उसाचे पाचट आणि साखर कारखान्यांत रस गाळल्यावर उरणारी मळी. पाचटाचे बोटभर लांबीचे तुकडे करून फेब्रुवारी ते मे या काळात झाडाच्या बुंध्याभोवती, खोडाला न भिडता, दोन-तीन इंच जाडीने पसरले तर मातीतील ओल टिकते आणि तणही कमी उगवते. पाचटात कर्ब जास्त आणि नत्र कमी असते. ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेते व पाने पिवळट पडतात. म्हणून पाचटाखाली शेणखताचा एक थर द्यावा. मळी पूर्ण कुजलेलीच वापरावी. ताजी मळी कुजताना तापते आणि मुळे भाजतात. पाऊस सुरू होताच आच्छादन काढून खतखड्ड्यात टाकावे, अन्यथा तेच गोगलगाईंचे घर बनते.

निर्माल्याचे खत घरोघरी करता येते. त्यातील दोरे, प्लॅस्टिक आणि जर आधी काढून टाकावी लागते. पंचगंगेत निर्माल्य सोडण्यापेक्षा ते परड्यातच मुरवणे नदीच्या आणि बागेच्याही हिताचे आहे.

ऋतुमान आणि फुले

झेंडूच्या बिया जुलैमध्ये पेरल्यास नवरात्र-दसऱ्याला फुले हाती येतात. बी चार-सहा दिवसांत उगवते. रोप लावल्यानंतर महिनाभराने शेंडा खुडला की फांद्या वाढतात आणि फुले अधिक लागतात. दसऱ्याचे तोरण ज्यावाचून पुरे होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच, आणि गुलबक्षी व देवचाफाही अमेरिका खंडातूनच आलेले. इतक्या परक्या फुलांनी आपले देव्हारे भरून गेले असताना 'देशी फूल' या शब्दाचा वापर जरा बेतानेच केलेला बरा.

शेवंती ही लहान दिवसांची वनस्पती आहे. म्हणजे रात्र पुरेशी लांब झाल्यावरच तिला कळ्या धरतात. जूनमध्ये दोन-तीन इंचांचे फुटवे लावावेत, ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडावेत आणि नंतर हात लावू नये. नोव्हेंबरपासून फुले येतात. रोप हिरवेगार असूनही फुलत नसेल तर खत वाढवण्याआधी रात्री त्यावर रस्त्यावरील दिव्याचा किंवा व्हरांड्यातील बल्बचा उजेड पडतो का हे पाहावे. मध्यरात्रीचा थोडा उजेडही लांब रात्र मोडतो आणि कळी धरत नाही. शहरातील अनेक गच्च्यांवर शेवंती रुसण्यामागे हे कारण संभवते. पावसाळ्यात तिची कुंडी वळचणीखाली, पण भरपूर उजेडात ठेवावी. साचलेले पाणी तिला मुळीच सोसत नाही.

गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करतात. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत पहिला बहर येतो. बाजारात मिळणारे गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. डोळा भरलेला सांधा मातीच्या वर राहील असेच रोप लावावे. सांध्याखालून येणारे फुटवे जोमदार दिसतात, म्हणून ते कौतुकाने राखले जातात आणि वर्षभरात मूळ जात मरून केवळ रानगुलाब उरतो. असे फुटवे बुडापासून ओढून काढावेत. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून ती गळतात. गळलेली पाने वेचून टाकणे आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालणे यानेच निम्मे काम होते.

मोगऱ्याला विश्रांती द्यावी लागते. डिसेंबरच्या अखेरीस दहा-पंधरा दिवस पाणी तोडून जानेवारीत छाटणी करावी, मग शेणखत देऊन भरपूर पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या येतात. मोगऱ्याला दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीतल्या मोगऱ्याला पाने पुष्कळ येतात, गजरा होत नाही. जुई, जाई आणि कुंद यांनाही छाटणी मानवते.

जास्वंदीला नव्या फुटीवर फुले येतात. त्यामुळे तिच्या फांद्या अधूनमधून खुडत राहाव्यात. पांढरा कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण हा तिचा मोठा शत्रू असून त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. मुंग्यांची वाट न अडवता केलेली फवारणी फार काळ टिकत नाही. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा, नंतर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारणी, हा क्रम पुरेसा होतो. सोनचाफ्याचे बियांपासून वाढवलेले झाड फुलायला सात-आठ वर्षे लावते. कलम दोन-तीन वर्षांत फुलते.

तेरडा आणि गुलबक्षी पावसाळ्यात आपोआप उगवतात. गौरीच्या सणाला तेरड्याची रोपे गौर म्हणून आणण्याची प्रथा असल्याने परड्याच्या एका कोपऱ्यात तेरडा राखून ठेवला जातो.

दवणा

जोतिबाला गुलालाबरोबर दवणा वाहतात, त्यामुळे चैत्र यात्रेच्या सुमारास तो कोल्हापुरात सर्वत्र दिसतो. ही सुगंधी वनस्पती कुंडीत सहज वाढते, मात्र तिला पाऊस चालत नाही. नोव्हेंबरमध्ये वाळूमिश्रित मातीवर बी भुरभुरून टाकावे. ते धुळीसारखे बारीक असल्याने मातीखाली पुरू नये. वरून बारीक झारीने पाणी शिंपडावे. चार महिन्यांच्या आत रोप काढणीला येते. घरचा दवणा डोंगरावर नेण्यात वेगळेच समाधान असते.

गच्चीवरील बाग

ओल्या मातीचे वजन प्रत्येक घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. गच्चीवर सहा इंच जाडीचा मातीचा थर पसरला तर प्रत्येक चौरस मीटरवर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो. साध्या निवासी इमारतीच्या वापरातील गच्चीसाठी भारतीय मानकात प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतकाच चल भार धरलेला असतो. त्यामुळे अभियंत्याच्या सल्ल्याविना गच्चीभर माती पसरू नये. जड कुंड्या तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवाव्यात आणि मातीऐवजी काथ्याचा भुसा, कुजलेले पाचट व गांडूळखत यांचे हलके मिश्रण वापरावे. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्यास पाणी वाहून जाते.

कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. अंडी कोरड्या पृष्ठभागावरही चिकटून जिवंत राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. जून ते सप्टेंबर बशा काढून ठेवणे सर्वांत उत्तम.

पुरानंतरची बाग

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरात ती ५५ फुटांवर गेली आणि नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी अशा भागांतील घरांसह बागाही पाण्याखाली राहिल्या. अशा बागेत घाई केल्याने नुकसान वाढते. ओल्या काळ्या मातीत फावडे घातले किंवा तिच्यावर चालले तर ती दबते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. प्रथम चर काढून साचलेले पाणी वाहते करावे. बुंध्याभोवतीचा गाळाचा थर हवा अडवतो. माती पाय न रुतण्याइतकी सुकताच तो हलक्या हाताने काढावा. पानांवरील गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा. नवी पालवी दिसेपर्यंत कोणतेही रासायनिक खत देऊ नये, कारण ते घेण्यास मुळेच शिल्लक नसतात. झाड मेले असे ठरवण्यापूर्वी खोडाची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे असल्यास थांबावे.

पुराच्या पाण्यात मैला आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग त्वचेवरील जखमांतून होतो, म्हणून गमबूट व हातमोज्यांशिवाय गाळात उतरू नये. बागेतील पालेभाज्या टाकून द्याव्यात.

पूररेषेजवळच्या घरांनी पहिल्यापासूनच झाडांची निवड विचारपूर्वक केलेली बरी. कर्दळ, सोनटक्का आणि लिलीचे काही प्रकार पाणथळ जागा सोसतात. सोनचाफा, अबोली, शेवंती व गुलाब सोसत नाहीत. ते उंच वाफ्यात किंवा गच्चीवर नेता येतील अशा कुंड्यांत लावावेत.

विषारी झाडे

कन्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे सर्व भाग विषारी असून त्यांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. कळलावीचा कंदही घातक आहे. लहान मुले असलेल्या घरात बिट्टीची फळे हाताशी येऊ देऊ नयेत. छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकण्याची सवय येथे सर्रास दिसते. मोकाट गुरे व शेळ्या त्या खातात, म्हणून कन्हेरीची छाटणी खड्ड्यात पुरावी.

रानफुले आणि संस्था

राधानगरी, आंबोली आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरील रानफुले व आमऱ्या उपटून घरी लावण्याचा मोह अनेकांना होतो. अभयारण्यातून वनस्पती काढणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे; शिवाय आमऱ्यांच्या मुळांना विशिष्ट बुरशीची व झाडाच्या सालीची साथ लागते, त्यामुळे अशी रोपे घरात बहुधा मरतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने आणि वनस्पती उद्यानाने कंदीलपुष्पांसारख्या दुर्मिळ वनस्पतींच्या संवर्धनाचे काम केले आहे. महाराष्ट्रात मोजक्याच डोंगरकड्यांवर आढळणारी शिंदळ माकुडी ही मांसल वनस्पती फाट्यांपासून सहज वाढते. अशी झाडे रोपवाटिकेत वाढवलेली असतील तरच घ्यावीत. शहरात गार्डन्स क्लबतर्फे पुष्पप्रदर्शन भरवले जाते. तेथे गुलाब व शेवंतीचे प्रकार नावानिशी पाहता येतात आणि कोणती जात येथील हवेत खरोखर फुलते हे रोपे वाढवणाऱ्यांनाच विचारता येते.